शोधनिबंध घेऊन मांडवात

पनवेलला कुणी फिरायला जात नाही, पनवेलवरून जातात. गोव्याला जाणारे, अलिबागला जाणारे, पुण्याहून मुंबईला जाणारे, सगळ्यांची गाडी तिथं थांबते. माणसं उतरून पाय मोकळे करतात, वडापाव खातात आणि पुन्हा चढतात. आमच्या मिरजेतल्या निम्म्या लोकांनी पनवेल पाहिलंय ते खिडकीतून. मी मात्र तिथं चांगली राहून आले. आणि आल्यापासून आमच्या गल्लीत माझ्याबद्दल ज्या काही कहाण्या फिरतायत, त्या ऐकून वाटलं की काय झालं ते एकदा आपणच लिहून टाकावं.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, समाजशास्त्राला. विभागातून एकच शोधनिबंध विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणार होता आणि तो माझा जावा असा माझा हट्ट होता. विषय आत्यानं पुरवला. आत्या खांदा कॉलनीत राहते, तिथल्या एका बालवाडीत शिकवते. तिच्याबरोबरच्या मनालीचं लग्न ठरलं होतं. फोनवर आत्या सहज म्हणाली, "अगं, यांच्यात भटजीच्या आधी बाईचा मान असतो. धवलारीण म्हणतात तिला. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन गाऊन लग्न लावते." मी लगेच घाटगे सरांच्या केबिनमध्ये.

घाटगे सर आमचे मार्गदर्शक. माणूस भला, पण संशोधनाच्या बाबतीत कुणाचा मुलाहिजा नाही. मी पुस्तकांतून गोळा केलेली प्रस्तावना त्यांनी वाचली आणि म्हणाले, "हे सगळं दुसऱ्यांनी ऐकलेलं. तू ऐकलंस का? जा, स्वतः ऐक, रेकॉर्ड करून आण. त्याशिवाय मी सही करणार नाही. सोमवारी सकाळी टेबलावर पाहिजे." आणि मी दारापर्यंत गेले तर पुन्हा हाक मारली. "आणि हे बघ, भिंतीसारखं उभं राहायचं. संशोधक तिथं आहे हे कुणाला कळता कामा नये."

कळता कामा नये म्हणे!

खांदा कॉलनी

आत्याच्या घरी पोचले तेव्हा माझ्याकडे एक बॅग, बाबांचा नवा मोबाईल आणि स्पायरल बाइंडिंग केलेला अर्धा शोधनिबंध होता. प्रस्तावना, उद्दिष्टं, अभ्यासपद्धती सगळं छापून तयार. मधली पानं कोरी ठेवली होती, तिथं लग्न आलं की भरायचं. हुशारीच की नाही?

आत्यानं दार उघडलं ती तोंड पाडूनच. "अगं स्नेहल, लग्न पुढं गेलं. नवऱ्याकडं सुतक आलंय. त्याचा चुलत आजोबा गेला काल."

मी मेलेल्या माणसाबद्दल मनात जे बोलले ते इथं लिहीत नाही. पाणीसुद्धा न पिता सोफ्यावर बसले आणि चक्क रडले. आत्याला वाटलं, किती हळवी पोरगी, ओळख ना पाळख आणि डोळ्यांत पाणी. मी तिचा गैरसमज तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी मनाली स्वतःच स्कूटी घेऊन मला न्यायला आली. गोरी, उंच, हातावर अर्धी मेंदी. अर्धी म्हणजे डाव्या हाताची काढून झाली होती आणि तेवढ्यात फोन आला होता. "चल ना गावाला," ती म्हणाली. "मांडव घातलाय, बोकड आणलाय, मी घरात बसून बोअर होतेय. धवलारीण आहेच गावात. तिला डायरेक्ट विचार, गाते का."

पळस्प्याच्या पुढे

पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता सुटतो, तिकडं शिरढोणच्या अलीकडं मनालीचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला भाताची मोकळी खाचरं, दुसऱ्या अंगाला जमिनी विकल्याच्या पाट्या. गावात शिरलं की बंगले सुरू. गुलाबी बंगला, पोपटी बंगला, गेटवर सिमेंटचे सिंह, आणि सिंहाच्या मानेवर वाळत टाकलेली गोधडी. आमच्याकडं घर बांधलं की माणूस आधी कंपाउंड घालतो. इथं आधी सिंह बसवतात, मग कंपाउंडचं बघतात.

मनालीच्या आईनं, म्हणजे काकींनी, माझा हात धरून मला सरळ पाटावर बसवलं. "खा पयले. मंग बोल." तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि चिंबोऱ्यांचा रस्सा. आता मिरजेच्या माणसाला खेकडा ठाऊक असतो तो विहिरीच्या कडेला. मी नांगी उचलली आणि कडाकड चावायला लागले. चव चांगली होती, पण दाताचं काही खरं नव्हतं. सगळं घर जेवायचं थांबून माझ्याकडं बघत होतं. शेवटी मनालीचे वडील हळूच म्हणाले, "बाय, तो कवच टाकाचा असतो." काकी हसून हसून पदरानं डोळे पुसत होत्या. भिंतीसारखं उभं राहण्याचा तो पहिला प्रयत्न.

जेवण झाल्यावर पारूआयकडं गेलो. पारूआय म्हणजे धवलारीण. काष्ट्याचं लुगडं, कानात सोन्याच्या भरगच्च बाळ्या, आवाज खर्जातला. ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी नमस्कार केला, मोबाईल काढला, आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आजी, आपण मला एखादा धवला गाऊन दाखवाल का?"

"कोनाचं लगीन हाय?"

"कुणाचं नाही. माझ्या अभ्यासासाठी."

"मंग नाय." तिनं सुपाला एक झटका दिला. "धवला काय रेडिओ हाय, बटन दाबला का वाजला? समोर हलद लागलेला मानूस पायजे. त्याची आय, त्याचा बाप, त्याचा गाव, सगल्यांची नावं घेवाची असतात. कोनाची नावं घेऊ? तुज्या मोबाईलची?"

मनाली म्हणाली, "आय, मला लाव ना हळद."

"तुजे नवऱ्याला सुतक हाय गो! अक्कल हाय का नाय?"

मी विनवलं, हात जोडले, सोमवार सांगितला, सर सांगितले. ढिम्म हलली नाही. मला राग यायला लागला. माझं असं आहे, राग आला की तोंड आधी धावतं आणि डोकं मागनं रिक्षा करून येतं. मी म्हणाले, "एवढंच असेल तर मला लावा हळद!"

पारूआयनं सूप खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुजं लगीन झालंय?"

"नाही."

"कदी तरी होनार हाय ना?"

"होईल की."

"मंग उद्या दुपारी ये. डोकी धुऊन ये."

मांडवात

मला वाटलं होतं, दोन बोटं हळद, दोन गाणी, संपलं. आमच्याकडं हळद म्हणजे घरातल्या चार बायका, एक पाट आणि लवकर आटपा म्हणणारे काका. इथं हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. मांडव उभाच होता, बोकडही वाट बघत बांधलेलाच होता. गावातल्या बायकांना कुणीतरी सांगितलं, मनालीच्या घरी मिरजेच्या पोरीला हळद आहे. कोण मिरजेची, काय प्रकार, कुणी विचारलंसुद्धा नाही. नटूनथटून, गजरे माळून, अख्खी आळी हजर. मनालीचा काका डीजेवाल्याला फोन लावत होता, त्याला काकींनी दटावून बसवलं.

मला पाटावर बसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या आणि पारूआयनं विचारायला सुरुवात केली. आईचं नाव? शोभा. बापाचं? अशोक. गाव? मिरज. नदी कंची? कृष्णा. भाऊ? नाही, बहीण आहे, प्राची. ती प्रत्येक नाव स्वतःशी एकदा पुटपुटायची, चव बघितल्यासारखी. मी मनालीच्या भावाच्या हातात मोबाईल देऊन बटण दाबायला सांगितलं आणि मग आवाज लागला.

कसा सांगू तो आवाज? गोड अजिबात नव्हता. पण मागच्या बायकांनी ओळ उचलली की मांडव भरून जायचा. आणि त्या आवाजात माझं गाव आलं.

*किसनेच्या काठची लेक आयली गो*
*आमच्या खारीच्या मांडवान,*
*शोभाबाय बघते दारान उभी,*
*लेक कवा येल घरान…*

ते तिनं, खाडीकाठच्या त्यांच्या खारीत माझी कृष्णा आणून, तिथल्या तिथं रचलं होतं. माझी आई त्या वेळी मिरजेत बहुतेक मालिका बघत असणार. पण तिचं नाव त्या अनोळखी बायकांच्या तोंडात आलं. मी रडायला लागले, अगदी नाक वाहेपर्यंत. मला बघून काकी रडल्या. मनालीनं तर आपलं लग्न लांबल्याचं सगळं तेव्हाच रडून घेतलं. पारूआय गाणं न थांबवता खुश होऊन मान डोलवत होती. मधेच म्हणाली, "रडा गो, रडा. नाय रडली तं धवला लागला नाय." आणि ओंजळभर हळद माझ्या तोंडाला फासली.

उन्हं कलली तशी गाणी थांबली. मी खूश. डोळे सुजलेले, अंग पिवळं, पण मोबाईलमध्ये सगळं होतं. काकींना वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि निघाले.

"खं चालली?" पारूआय.

"आत्याकडं. लिहायचंय मला."

पारूआय उठून दारात उभी राहिली. "हलद लागलेली पोर शीव वलांडते? डोकी ठिकानावर हाय का? वाटेला काय बी लागल. लगीन लागल्याशिवाय तू गावाभायर नाय जायाची."

मी हसले. कुणीच हसलं नाही.

"अहो पण ते खोटं खोटं होतं ना!"

माझं हे बोलणं मात्र तिच्या जिव्हारी लागलं. "खोटं?" ती म्हणाली. "मी खोटी गायली? माजी हलद आजपरेंत अर्दी नाय राहिली. माजे आयची नाय राहिली, तिचे आयची नाय राहिली. उद्या गाव बोलल, पारूची हलद घेऊन पोर पलाली. पुढच्या लग्नाला माना कोन बोलवल?" मी बॅग खाली ठेवली. पळून जाता आलं असतं, मनाली स्कूटीवरून सोडायलाही तयार होती. पण ते तोंड बघून मला जाववेना.

मनालीनं आत्याला फोन केला. काय सांगावं तिनं? "ती आज येत नाही. तिला हळद लागलीय, लग्न लागल्यावर येईल." आणि रेंज गेली. आत्यानं तडक मिरजेला फोन लावला. रेंज परत आली तेव्हा मला बाबांचा फोन आला. मागं आईचा हुंदका ऐकू येत होता.

"कोण आहे तो?" बाबा अतिशय शांतपणे म्हणाले. ते असे शांत झाले की मला जास्त भीती वाटते.

"बाबा, तसं काही नाही. शोधनिबंधासाठी आहे."

"काय करतो?"

"बाबा, अहो शोधनिबंध! अजून तो अर्धाच आहे!"

"अपंग आहे का गं?" मागून आई किंचाळली.

समजूत पटवेपर्यंत मोबाईलची बॅटरी तळाला गेली.

रात्री जेवायला बोकड होता. मटण, वडे आणि वर सगळ्यांचं एकच बोलणं: हिचं लग्न लावायचं कुणाशी? काकी म्हणाल्या, रुईच्या झाडाशी लावा. एक म्हातारी म्हणाली, रुई तिसऱ्या लग्नाच्या नवऱ्याला, हिला केळ बघा. मनालीच्या काकांनी आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवलं, तो रिक्षा चालवतो आणि स्वभावानं चांगला आहे म्हणून. मी वडा गिळायचा विसरले. एवढ्यात मनाली माझ्या मांडीवरल्या स्पायरलकडं बोट दाखवून म्हणाली, "त्या पेपरशीच लावा हिचं! आल्यापासून त्यालाच छातीशी धरून बसलीय."

सगळे खो खो हसले. पारूआय हसली नाही. तिनं तो अर्धा शोधनिबंध हातात घेतला, उलटासुलटा केला, कोरी पानं बघितली.

"याचा बाप कोन?"

"म्हणजे?"

"कोनी सांगितला तुला ह्यो कराला? कोनाचा ह्यो?"

"सरांचा. घाटगे सरांचा. दत्तात्रय घाटगे."

"जित्ता हाय?"

"हो हो, चांगले आहेत."

"आयचं नाव?"

सरांच्या बंगल्यावर बायकोचं 'सुमन' असं नाव आहे, म्हणून मी म्हणाले, "सुमनबाई."

"मंग चालंल," पारूआय म्हणाली. "आयबाप हाईत, नाव हाय, घर हाय. रुईच्या झाराहून बरा."

सकाळी माझं लग्न लागलं. स्पायरलच्या तारेत मुंडावळ्या ओवल्या. मुखपृष्ठावर, माझ्या नावाच्या जरा वर, हळदीकुंकू लावलं. मनालीच्या भावानं निबंध दोन्ही हातांत छातीसमोर धरला आणि गंभीर चेहरा करून उभा राहिला. मधे काकींच्या शालूचा अंतरपाट. रात्रभर चार्ज केलेला मोबाईल या वेळी मनालीकडं दिला होता. पारूआयनं नवऱ्याकडचा धवला गायला, मग माझ्याकडचा, आणि अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मी खरोखर लाजले. कागदाला बघून लाजले! माझा मलाच भरवसा वाटेना. अक्षता पडल्या, एक तांदूळ थेट 'संशोधनाची उद्दिष्टे' या पानावर जाऊन चिकटला.

निघताना पारूआयनं माझी ओटी भरली. मी भीत भीत विचारलं, "आजी, हे गाणं मी कॉलेजात लावलं तर चालेल ना?"

"ज्याचं लगीन त्याचा धवला," ती म्हणाली. "आता तो तुजा हाय. कुटं बी लाव." आणि गालावरनं हात फिरवून म्हणाली, "नीट नांद."

मिरज

गाडीत सगळ्या वाटेनं मी लिहीत होते. कोरी पानं हातानं भरली, टाइप करायला वेळच नव्हता. घरी आईनं आधी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या, मग स्पायरल बघितलं, मग पुन्हा बांगड्या. तिला सगळं सांगेपर्यंत सोमवार उजाडला.

घाटगे सरांनी निबंध उघडला. तांदळाचा दाणा नखानं काढून बाजूला ठेवला. वाचता वाचता थांबले.

"वधू, प्रस्तुत संशोधक. हे काय आहे?"

"मीच ती, सर."

"मी तुला भिंत व्हायला सांगितलं होतं."

"भिंतीलाच हळद लावली सर त्यांनी."

सर हसले नाहीत. चष्मा वर सरकवून म्हणाले, "स्नेहल, खरं लग्न नाही, खरा नवरा नाही. स्वतःच विधी घडवायचा आणि स्वतःच त्याचं निरीक्षण लिहायचं, याला संशोधन म्हणत नाहीत. मी यावर सही कशी करू?"

माझं तोंड पुन्हा पुढं धावलं. "सर, लग्न खोटं असेल, पण धवला खोटा नाही. खोटा असता तर तिनं मला कधीच सोडून दिलं असतं. तुम्हीच म्हणाला होतात ना, स्वतः ऐक? मग तुम्हीही ऐका!" आणि मी मोबाईल त्यांच्या टेबलावर ठेवून बटण दाबलं.

रागाच्या भरात कुठला धवला लावतेय ते मी बघितलंच नव्हतं. लागला तो लग्नाच्या सकाळचा, नवऱ्याकडचा. पारूआयचा तो खर्जातला आवाज केबिनमध्ये घुमला.

*दत्तूराया वरबाप नटला गो,*
*लेकाच्या मांडवान,*
*सुमनबाय वरमाय ओवाली,*
*लेकाला आरतीन…*

सर खुर्चीतून उठले. आणि मला तेव्हा, अगदी तेव्हाच, आठवलं. सरांना मूलबाळ नाही. अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. पारूआयला नावं सांगताना माझ्या डोक्यात आलंसुद्धा नव्हतं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी मोबाईल बंद करायला हात पुढं केला.

सरांनी माझा हात अडवला.

बायका मागून ओळ उचलत होत्या. दत्तूराया, सुमनबाय, दत्तूराया, सुमनबाय. धवला संपला. बाहेर शिपाई कुणाला तरी ओरडत होता. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

मी लावला. संपल्यावर त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि घरचा नंबर फिरवला.

"सुमन? गॅस बारीक कर आणि बस जरा. नाही, मी ठीक आहे. ऐक, तुझं नाव आहे यात." मग मला खुणेनं पुन्हा लावायला सांगितलं आणि आपला फोन मोबाईलजवळ नेऊन धरला. सर डाव्या हातानं फोन तसाच धरून उभे होते आणि उजव्या हातानं त्यांनी निबंधावर सही केली.